ताटातला हिशेब कोणाला मानवतो?

‘खात्यापित्या घरची’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अगदी परवापरवापर्यंत कौतुकाचा होता. बाळाने बाळसे धरले की आजी दृष्ट काढायची. लग्नानंतर मुलगी अंगाने भरली की माहेरची माणसे समाधान पावायची. परगावाहून आलेल्या मुलाला पाहताक्षणी ‘किती वाळलास रे’ म्हणणे ही तर मायेची रीतच होती. तोच मुलगा आज ‘बारीक झालास’ म्हटले की खूश होतो आणि कसा झालो ते सांगायला बसतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, कुठेही चार माणसे जमली की त्यांतल्या एकाने नुकताच भात सोडलेला असतो, दुसऱ्याने रात्रीचे जेवण सोडलेले असते आणि तिसरा या दोघांचे ऐकून उद्यापासून आपण काय सोडावे या विचारात असतो.

या साऱ्या उपायांत एक उपाय निराळा आहे, कारण त्यात काही सोडायचे नसते, मोजायचे असते. प्रत्येक पदार्थाला एक आकडा, त्याला पॉइंट म्हणायचे. दिवसाला अमुक इतके पॉइंट. त्या मर्यादेत बसेल ते खुशाल खा, पण लिहून ठेवा. अमेरिकेतल्या वेट वॉचर्स या कंपनीने ही पद्धत जगभर नेली. आपल्याकडे जेवण नोंदवायची जी मोबाइल ॲप्स निघाली आहेत, त्यांतला हिशेब बहुधा कॅलरींचा असतो, पण कल्पना तीच.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात आला. माझी धाकटी बहीण तीस वर्षे न्यू जर्सीत राहते. वय चौपन्न, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. तिची रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ‘एचबीएवनसी’, ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी समजतात. आमची आई मधुमेहाने गेली आणि शेवटची दोन वर्षे तिला दिसत नव्हते, त्यामुळे हा आकडा आम्हा बहिणींना नुसता आकडा वाटत नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते आणि तिच्या कचेरीतल्या दोघीतिघी पॉइंटवाल्या होत्या. फोनवर ती म्हणाली, “ताई, तू सगळी हयात लोकांची कर्जप्रकरणे तपासण्यात घालवलीस. आता माझे एक तपास. पैसे भरू की नको, एवढंच सांग.”

मी कादंबऱ्या लिहिते हे खरे, पण पोट भरले ते राष्ट्रीयीकृत बँकेतल्या नोकरीवर. प्रकरण हाती आले की ते तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी कागद घेऊन बसले.

बँकेत अर्जदाराच्या आधी योजना पाहतात. ही योजना कशी जन्मली? जीन निडेच ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी गृहिणी. १९६१ साली तिचे वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो होते. शहराच्या आरोग्य खात्याने चालवलेल्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात तिला आहाराचा एक तक्ता मिळाला. तो ती पाळत होती, पण चोरून बिस्किटे खात होती आणि दवाखान्यात ते सांगायची तिला लाज वाटत होती. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांना सांगून टाकले. गंमत अशी की प्रत्येकीच्या घरी असे एक लपवलेले काहीतरी निघाले. त्या दर आठवड्याला जमू लागल्या. १९६२ सालच्या ऑक्टोबरपर्यंत जीनबाई १४२ पौंडांवर आल्या आणि १९६३ साली त्यांनी कंपनी काढली. म्हणजे मूळ कल्पना आकड्यांची नव्हतीच. जे चोरून खातो ते चारचौघींत मोकळेपणाने बोलायचे, ही होती. सुरुवातीच्या तक्त्यात तर ठरावीक पदार्थांना बंदी होती आणि आठवड्यातून एकदा लिव्हर खाण्याची सक्ती होती.

अमेरिकेत पॉइंट आले १९९७ साली. त्यांचे सूत्र साधे होते. दर ५० कॅलरींना एक पॉइंट, दर १२ ग्रॅम स्निग्धांशाला आणखी एक, आणि तंतुमय भागासाठी थोडी सूट: पाच ग्रॅमला एक या दराने, पण जास्तीत जास्त चार ग्रॅमपर्यंतच. समजा एका पुरणपोळीत, वरच्या तुपासकट, ३०० कॅलरी, ९ ग्रॅम स्निग्धांश आणि ४ ग्रॅम तंतू आहेत. कॅलरींचे ६, स्निग्धांशाचा पाऊण, त्यातून सूट वजा पाऊणच्या किंचित वर. पोळी पडली सहा पॉइंटांना. ज्याला दिवसाला बावीस-चोवीस पॉइंट आहेत त्याने दोन पोळ्या खाल्ल्या की निम्मा दिवस संपला. पण खायला मनाई कोणी केलेली नाही. ठरवून खा आणि संध्याकाळी सावरा, एवढेच.

पुढे हे सूत्र वारंवार बदलले. २०१० साली कॅलरी सूत्रातून गेल्या आणि प्रथिने, कर्बोदके, स्निग्धांश व तंतू आले. फळे शून्यावर आली. २०१५ च्या अखेरीस साखर आणि संपृक्त स्निग्धांश महाग झाले, प्रथिनांना सवलत मिळाली. २०१७ च्या अखेरीस अंडी, मासे, कातडी काढलेले कोंबडीचे मांस, बिनचरबीचे दही आणि कडधान्ये-डाळी शून्यावर आल्या. म्हणजे वरण फुकट, वरची फोडणी मात्र विकत! केळे सोलून खाल्ले तर शून्य, तेच मिक्सरमधून काढून प्यायले तर पॉइंट लागतात, कारण प्यायलेल्याने पोट तेवढे भरत नाही.

हे वाचता वाचता माझ्या लक्षात आले की पॉइंट हे मोजमाप नव्हे, ते दरपत्रक आहे. सरकारने खतावर अनुदान द्यावे आणि सिगारेटवर कर लावावा, तसे हे आहे. जे पदार्थ माणसाने जास्त खावेत असे कंपनीच्या आहारतज्ज्ञांना वाटते ते स्वस्त, जे कमी खावेत ते महाग. यात लबाडी काही नाही, कल्पना चांगलीच आहे. फक्त आकडा पाहून ‘हे निसर्गाचे सत्य आहे’ असे मानू नये, आणि दरपत्रक बदलले म्हणून आपल्या पोटात काही बदलले असे समजू नये.

योजना पैसे बुडवणारी आहे का, हे पुढचे पाहायचे. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ७७२ जणांवरचा एक अभ्यास आला. दवाखान्यातला नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचे वर्षाअखेर सरासरी २.३ किलो उतरले, वेट वॉचर्सला पाठवलेल्यांचे ५.१ किलो. २०१७ साली त्याच नियतकालिकात इंग्लंडमधल्या १,२६७ जणांचा अभ्यास आला. वर्षभर जाणाऱ्यांचे वर्षाअखेर ६.८ किलो उतरले. पण दोन वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांतले ४.३ किलोच टिकले होते. दोन्ही अभ्यासांना कंपनीचाही पैसा होता. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण अशी नोंद समासात करून ठेवायची बँकेतली सवय आहे. २००५ साली बोस्टनच्या संशोधकांनी १६० जणांना चार वेगवेगळ्या आहारपद्धती वाटून दिल्या, त्यांत वेट वॉचर्सही होती. वर्षाअखेर चारही गटांत सरासरी दोन ते साडेतीन किलोंचाच फरक. ज्याने आपली पद्धत चिकाटीने पाळली त्याचे वजन उतरले, मग पद्धत कोणतीही असो.

सांगायचा मुद्दा असा की योजना बुडीत नाही आणि चमत्कारही नाही. वर्षाला पाच-सात किलो, त्यातले काही परत, हा तिचा प्रामाणिक परतावा आहे. वीस किलोंची जाहिरात ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याची निराशा ठरलेली. माझ्या बहिणीच्या बाबतीत मात्र हा आकडा जुळत होता. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांपुढे सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ७४ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलोंच्या थोडे वर. तिला हवी असलेली रक्कम आणि योजनेत मिळणारी रक्कम सारखीच होती.

इथपर्यंत योजना झाली. आता अर्जदार. हा भाग मी तिच्यासाठी लिहिला, पण तो कोणालाही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला प्रश्न, कर्ज कशासाठी? वजन उतरवायचे आहे हे उत्तर पुरेसे नाही. गुडघे, साखर, रक्तदाब, की पुतणीच्या लग्नातली साडी? आणि उतरवायला खरोखर काही आहे का? आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा अर्धेच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, बीएमआय, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त समजतात, आणि कमरेचा घेर बायकांत ८० सेंटिमीटर व पुरुषांत ९० च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात तर राहणीत बदल केलेल्या गटाचे वजन फारसे उतरले नाही, तरी मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. काटा हलला नाही म्हणजे काहीच झाले नाही, असे नसते.

बँकेतली माझी एक जुनी सहकारी डोंबिवलीला राहते. साठी उलटलेली, हातपाय काडीसारखे, पोट तेवढे पुढे, साखर वाढलेली. ती मोबाइलवर घास मोजू लागली होती. तिच्या डॉक्टरांनी ते थांबवले. तिला उतरवायला वजन नव्हते, कमवायला स्नायू होते. डाळ-दूध-अंडी वाढवा, जिना चढा, हलकी वजने उचला, असे त्यांनी सांगितले. उतारवयात घटवलेल्या वजनाबरोबर स्नायूही जातात आणि ते परत मिळवणे अवघड असते. माझेही वय सहासष्ट. माझ्यापुरता निर्णय मी याच कारणाने केला, मी मोजणार नाही.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. थायरॉइड तपासले आहे का? वजन वाढवणारी औषधे चालू आहेत का? ज्यांना इन्शुलिन आहे किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना न सांगता खाणे कमी केले तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते. औषधाची मात्रा आधी बदलून घ्यावी लागते. गर्भारपणात हा कार्यक्रम करायचाच नसतो. आणि ज्याला कधीकाळी उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा विकार जडला होता, त्याने खाण्याच्या आकड्यांपासून लांबच राहावे.

तिसरा प्रश्न स्वभावाचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. बँकेत मी तीन प्रकारचे कॅशियर पाहिले. संध्याकाळी दहा रुपये कमी आले की पहिला शोधतो, सापडले नाहीत तर खिशातून भरतो, नोंद करतो आणि साडेसहाच्या गाडीने घरी जातो. दुसऱ्याला त्या दहा रुपयांनी रात्रभर झोप लागत नाही. तिसरा ते गुपचूप उचंत खात्यात टाकतो आणि विसरतो. पॉइंट मानवतात ते पहिल्याला. चुकले तर चुकले, लिहिले, उद्या पाहू. तिसऱ्याला त्यांचा उपयोग होत नाही, कारण शेंगदाण्याची मूठ आणि मुलांच्या ताटातला उरलेला घास हे त्याच्या वहीत कधी चढतच नाहीत. अपाय होतो तो दुसऱ्याला. एक लाडू जास्त झाला की तो दुसऱ्या दिवशी उपाशी राहतो, तिसऱ्या दिवशी भुकेने चार लाडू खातो आणि चौथ्या दिवशी स्वतःचा तिरस्कार करतो. अशा माणसाला हिशेबाची वही म्हणजे शिक्षा.

चौथा प्रश्न स्वयंपाकघराचा. ही पद्धत जिथे जन्मली तिथे निम्मे अन्न छापील पाकिटातून येते आणि पाकिटावर आकडे असतात. आपली भाजी पातेल्यात होते, तेल पळीने पडते, मीठ चिमटीने, आणि वाढणारी व्यक्ती ‘अगं घे अजून थोडी’ म्हणत असते. एका वाटी वांग्याच्या भाजीचे पॉइंट किती, हे करणारीलाही सांगता येत नाही. बहिणीने विचारले तेव्हा मी तिला घास मोजण्याऐवजी बरणी मोजायला सांगितले. घरात माणसे तीन आणि महिन्याला तेल लागते चार लिटर. तेल पाण्याहून हलके, म्हणजे वजन साधारण ३,७०० ग्रॅम. माणशी रोजचे ४१ ग्रॅम झाले, तूप आणि बाहेरचे खाणे वेगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली २,००० कॅलरींच्या दिवसाचे जे आदर्श ताट दिले आहे, त्यात तेलतूप मिळून २७ ग्रॅम आहेत. चार लिटरांचे अडीच लिटर केले, तर तिघांच्याही ताटातून रोज सव्वाशेच्या वर कॅलरी जातात आणि कोणाला काही लिहावे लागत नाही.

पाचवा प्रश्न, त्याच टेबलावर आणखी कोण जेवते? हे मी शेवटी लिहिले, पण माझ्या मनात ते पहिल्यापासून होते. माझी भाची सोळा वर्षांची आहे. अभ्यासू, अबोल, आणि गेले वर्षभर आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राहणारी. पाकिटामागचे आकडे ती वाचू लागली होती. रात्री ‘भूक नाही’ म्हणण्याचे प्रसंग वाढले होते. या वयात डाएट करणाऱ्या मुलींना पुढे खाण्याचे विकार जडण्याचा धोका अधिक असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना मुद्दाम सांगितले की घरात वजनावर बोलू नका, मुलांना डाएटला लावू नका, एकत्र जेवा. वेट वॉचर्सनेच २०१९ साली आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ‘कर्बो’ नावाचे ॲप काढले तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला होता. पुढे २०२२ साली पालकांच्या परवानगीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीला पंधरा लाख डॉलर्सचा दंड भरावा लागला. एका पिढीची साखर उतरवताना दुसऱ्या पिढीचे जेवण तुटणार असेल, तर तो हिशेब जुळला असे मी म्हणणार नाही. मी बहिणीला हे स्पष्ट सांगितले. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, तिच्यासाठी म्हणूनच मला आईसारखं व्हायचं नाहीये गं.”

तिचे म्हणणेही खोटे नव्हते. म्हणून माझी शिफारस ‘मंजूर, अटींसह’ अशी गेली. मुदत सहा महिने. नोंद जेवणाच्या टेबलावर करायची नाही, झोपण्यापूर्वी एकदा. पॉइंट हा शब्द मुलीसमोर काढायचा नाही, स्वतःच्या पोटाबद्दल नावे ठेवायची नाहीत, आणि रात्रीचे जेवण तिघांनी एकत्र, एकाच पातेल्यातले घ्यायचे. मुलीला तिच्या डॉक्टरांकडे न्यायचे, वजनासाठी नव्हे, न जेवण्यासाठी. तीन महिन्यांनी साखर तपासायची. काट्याचा आकडा दुय्यम.

शरद ऋतूत मी तिच्याकडे सहा आठवडे राहिले, तेव्हा एकदा तिच्याबरोबर त्यांच्या साप्ताहिक बैठकीला गेले. वजन आडोशाला, एकेकाचे, कोणाला न सांगता. मग गोल खुर्च्या आणि गप्पा. एक निवृत्त बसचालक रात्री टीव्हीपुढे हात आपोआप डब्याकडे कसा जातो ते सांगत होता आणि सगळे माना डोलावत होते. मला आपल्याकडच्या भिशीची आठवण झाली. जीनबाईंची ती पहिली बैठक अजून तशीच आहे आणि बहिणीला पॉइंटांपेक्षा त्या खुर्च्यांचाच उपयोग जास्त होत होता. सहा महिन्यांत तिचे सव्वाचार किलो उतरले, साखर ५.८ वर आली. भाची एका समुपदेशक बाईंकडे जाते. रात्री जेवते, कधी कमी, कधी पोटभर. ते प्रकरण अजून चालू आहे.

कोणी विचारील, आता इंजेक्शने निघाली असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१५ साली या कंपनीचे दहा टक्के भाग घेणाऱ्या ओप्रा विन्फ्री यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपणही वजन उतरवण्याचे औषध घेतो असे सांगितले आणि पुढच्या वर्षी त्या संचालक मंडळातून बाहेर पडल्या. कंपनीनेही २०२३ साली अशी औषधे डॉक्टरांमार्फत लिहून देणारी एक संस्था विकत घेतली. तरी २०२५ च्या मे महिन्यात तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला, आणि शंभर कोटी डॉलर्सहून अधिक कर्ज अंगावरून उतरवून ती पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही इंजेक्शने भारतात आली. ज्यांचे वजन फार आहे आणि ज्यांना त्याने आजार जडले आहेत, त्यांच्यासाठी हे मोठे वरदान आहे. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधे आहेत, बंद केली की वजन बहुतेकांचे परत चढते, आणि ती घेतानाही प्रथिने किती खावीत व स्नायू कसे राखावेत हा हिशेब सुटत नाहीच.

तेव्हा राहिला शेवटचा प्रश्न. खाते बंद कसे करणार? वेट वॉचर्सच्या नियमात एक चांगले कलम आहे. ठरलेले वजन गाठून सहा आठवडे राखले की माणूस आजीव सभासद होतो, आणि त्या वजनाच्या दोन पौंडांच्या आत राहील तोवर त्याला फी लागत नाही. असे कलम सगळीकडे नसते. महिन्याच्या महिन्याला पैसे कापून घेणारी ॲप्स आपण बंद करेपर्यंत चालूच राहतात. म्हणून सुरू करतानाच कॅलेंडरवर थांबण्याची तारीख लिहावी.

आणि सुरू करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. चाळीस पानी वही आणि पेन्सिल घ्यावी. चौदा दिवस जे तोंडात जाईल ते लिहावे. आकडे नकोत, नुसती नावे. चहाबरोबरची खारी, मुलाच्या ताटातली उरलेली पोळी, देवळातला प्रसाद, सारे. पंधराव्या दिवशी वही वाचावी. पाने कोरी राहिली असतील, तर पैसे भरूनही ती कोरीच राहतील. मग तेलाची बरणी लहान करावी आणि रोज अर्धा तास चालावे. लिहिताना छातीत धडधडले असेल, रात्री खाल्लेले आठवून झोप उडाली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावे. आणि लिहिता लिहिता ‘अरे, चहाच पाच वेळा होतो की’ असे वाटून हसू आले असेल, तर तुमचा हात हिशेबाचा आहे. पैसे भरायला हरकत नाही.